कडेवर नाव नसलेली पदकं

आजोबांची पदकं माझ्या हातून हरवली. सहा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, वडिलांना नाही आणि आजोबांना तर नाहीच.

विमानतळासाठी आमचं गाव उठलं त्या आठवड्यातली गोष्ट. घरं आपल्या हातानेच रिकामी करायची होती. वडील छपराचे पत्रे उतरवत होते, आई भांडी पोत्यांत भरत होती आणि कागदपत्रं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरीला आहे. कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, वजन, सगळं तीन-तीनदा तपासायची सवय लागलेली. त्यामुळे माझ्याकडे दिलेली वस्तू हरवत नाही असा घरात एक समज होता. सातबारे, जुन्या पावत्या, आजोबांचं लष्करातून सुटल्याचं पुस्तक, प्रत्येकाला मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं.

टेम्पो भरायला सुरुवात झाली तेव्हा आजोबा माझ्याजवळ आले. हातात खाकी कापडाची एक लहान थैली होती, तोंड नाडीने आवळलेली.

"बाय, ह्या तुज्याजवल ठेव. टेम्पोत नको घालू."

त्यात काय आहे ते मला माहीत होतं. लहानपणी एक-दोनदा मी ती थैली उघडून पाहिली होती. पाच पदकं होती. एक चांदणीसारखं, बाकीची गोल, आणि गोलांपैकी दोन अगदी एकसारखी. दोन सारखी का, असं मी तेव्हा विचारलं होतं. आजोबांनी थैली माझ्या हातातून काढून घेतली होती, रागाने नव्हे, पण बोलले काही नव्हते. मीही पुन्हा विचारलं नाही.

थैली पर्समध्ये टाकायची होती. पर्स कुठेतरी गाठोड्यांखाली गेली होती. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला आणि टेम्पोवाल्याने बाहेरून हाक मारली. समोर आजीचं शिवणयंत्र होतं. आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. यंत्राची लाकडी बाजू वाळवीने खाल्ली होती, पायडल जाम झालं होतं. मी त्याच्या खणात थैली ठेवली, फोन संपला की काढू म्हणून.

दुपारी भंगारवाला आला. वडिलांनी पत्रे त्याच्या गाडीत चढवले. पनवेलला आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं होतं, तिथे शिवणयंत्राला जागा नव्हती. भंगारवाल्याने विचारलं, "ताई, हे पण द्यायचं का?" मी हो म्हटलं. त्याने एकट्याने उचललं नाही म्हणून मी एका बाजूने हात दिला.

पंधरा दिवसांनी, भाड्याच्या घरात भांडी लावत असताना, मला थैली आठवली. मी तशीच रिक्षा करून भंगारवाल्याच्या वखारीत गेले. तो माणूस चांगला होता. त्याने सगळं आठवून सांगितलं. लाकूड जळणाला गेलं, लोखंड त्याच आठवड्यात तळोज्याच्या भट्टीला गेलं. खणात काही होतं का, हे त्याने पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? तरी त्याने मला मागचा ढीग उपसू दिला. तासभर मी गंजके पाइप आणि सायकलींचे सांगाडे बाजूला केले. घरी आले तेव्हा आईने हात पाहून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गेटला हात लागला.

त्या दिवशी सांगितलं असतं तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. पण आजोबा आधीच खचले होते. गावातल्या घराची भिंत पाडताना त्यांनी पाहिली होती, आणि पनवेलला आल्यापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर समोरच्या इमारतीकडे बघत बसत. मी मनाशी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत. मग थोडे दिवस गेले. पुढे गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर आमचं घर झालं, आम्ही तिकडे राहायला गेलो. आजोबांनी थैलीची चौकशी केली नाही आणि मीही विषय काढला नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता म्हणून ते विचारत नव्हते, हे मला कळत होतं. त्यानेच जास्त जड वाटायचं.

गेल्या वर्षी जुलैत नव्या वसाहतीतली दोन माणसं घरी आली. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार करायचा ठरला होता. जाताना म्हणाली, "आजोबा, मेडल लावून या हां."

आजोबा असल्या गोष्टींना कधी जात नसत. त्या दिवशी मात्र ते हो म्हणाले. ती माणसं गेल्यावर मला बोलावून म्हणाले, "बाय, ती थैली काड."

माझ्या तोंडून निघालं, "बँकेच्या लॉकरमध्ये आहे, आजोबा. आणते."

"आन सावकाश," ते म्हणाले. "घाई नाय."

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून अलिबागला गेले. माजी सैनिकांची कामं पाहणारं जिल्ह्याचं ऑफिस तिथे आहे. टेबलामागे बसलेले गृहस्थ स्वतः लष्करातून निवृत्त झालेले होते. मी त्यांना खरं सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं.

त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, "ताई, हरवल्याची पोलिसांत नोंद करा, मग आपण लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवू. पण वेळ लागतो. पंधरा ऑगस्टपर्यंत होणार नाही."

"मग?"

"कोटावर लावायची असतील तर पुण्यात कॅम्पात दुकानं आहेत. हुबेहूब करून देतात. पुष्कळ लोक घेतात, खरी घरात ठेवतात आणि नकला लावतात. तुमच्या आजोबांनी कमावलेलीच आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही."

त्यांनी आजोबांचं पुस्तक उघडलं आणि पदकांची नावं एका कागदावर लिहून दिली. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर होते म्हणून मिळालेली चांदणी. त्याच लढाईचं संग्राम मेडल. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाल्याचं एक. नऊ वर्षांच्या नोकरीचं एक.

"चार," ते म्हणाले.

"पाच होती," मी म्हटलं. "दोन एकसारखी होती."

त्यांनी पुस्तक पुन्हा पाहिलं. "नोंद चारांचीच आहे. एकच मेडल दोनदा देत नाहीत." मग म्हणाले, "दुसरं कुणाचं तरी असेल. गोल मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. तुम्ही वाचलं नव्हतं का?"

मी वाचलं नव्हतं. बंदरातल्या प्रत्येक कंटेनरचा नंबर मी वाचते.

आजोबांना विचारणं शक्य नव्हतं. त्यांच्या पलटणीतला एकच माणूस मला माहीत होता. उरणजवळच्या करंज्याचे एक कोळी आजोबा, लग्नाकार्यात भेटणारे. रविवारी मी करंज्याला गेले. धक्क्याच्या मागे ते एका उलट्या होडीला टेकून जाळं दुरुस्त करत बसले होते. पावसाळी बंदी उठून बोटी नुकत्याच पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. मासळीचा लिलाव आटोपला होता आणि बायका टोपल्या धूत होत्या.

मी विचारलं तेव्हा त्यांनी जाळं मांडीवर ठेवलं.

"तुज्या आज्यानं तुमाला कवा सांगला नाय?"

"नाही."

"नायच सांगनार तो." त्यांनी माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. "आमी तिगं एकदमच भरती झालो. मी, तुजा आजा, आनि त्यो मिठागरावरचा. उरनच्या अंगाचा व्हता. लई हसरा. तुज्या आज्याची नि त्याची जोडी. ताट पन एक."

लढाई संपल्याचा हुकूम आला, त्याच्या दोन दिवसांनंतर तो गेला. गोळीने नाही. शेतात सुरुंग पेरलेले होते, त्यावर त्याचा पाय पडला.

"लगेच गेला?" मी विचारलं.

"नाय. सांज होईपरयंत जीव व्हता. तुज्या आज्याच्या मांडीवर." त्यांनी जाळ्यातली एक गाठ बोटाने चाचपली. "पाय नव्हतं. पानी मागत व्हता. डागदर म्हनला, पानी द्यायचा नाय. तुज्या आज्यानं नाय दिला. मंग नंतर म्हनायचा, द्यायला पायजे व्हता."

मित्राची ट्रंक घेऊन आजोबाच त्याच्या गावी गेले होते. त्याचं मेडल पुढे पुष्कळ दिवसांनी पोस्टाने आलं. आजोबा तेव्हा रजेवर होते. मित्राच्या आईने ते त्यांना बोलावून त्यांच्या हातात दिलं. मला घरात नको, म्हणाली, तू त्याच्याजवळ होतास, तू ठेव.

"तवापासना त्याच्याजवलच हाय," करंज्याचे आजोबा म्हणाले. "हाय ना?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. त्यांनी मित्राचं नाव सांगितलं, त्याचं गाव सांगितलं. आई कधीच गेली, पण एक बहीण तिथेच राहते, असंही सांगितलं. नंबर त्यांना आठवत नव्हता.

पुण्याचं दुकान अरुंद होतं. काचेच्या कपाटांत वेगवेगळ्या पलटणींच्या टोप्या, बिल्ले, रिबिनींचे गुंडाळे. दुकानदाराने माझा कागद वाचला आणि एकेक पदक काढून निळ्या मखमलीवर ठेवलं. मला ती ओळखता आली नाहीत. रंग तेच असतील, पण आठवणीतली पदकं काळवंडलेली होती, ही झगझगत होती.

मी म्हटलं, "संग्राम मेडल दोन द्या."

"एकाला दोन कोणी लावत नाही."

"लावायचं नाही. नुसतं हवंय."

त्याने चार पदकं पट्टीवर शिवून दिली, पाचवं सुटं ठेवलं. मग म्हणाला, "कडेवर नाव घालायचं का? इथेच मागच्या गल्लीत कोरून देतात."

आजोबांचा नंबर माझ्याकडे होता. मित्राचं फक्त नाव होतं. नंबराशिवाय नाव घातलं तर ते अर्धवट दिसणार. आणि खरं सांगायचं तर, मला त्या माणसाचं नाव माझ्या खोटेपणात ओढायचं नव्हतं. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचं ऑपरेशन झालं होतं, तरी बारीक अक्षर त्यांना दिसत नसे. त्यांना कळणार नाही, असं मी धरून चालले. मी कशावरच नको म्हटलं.

सत्काराच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, मी पदकांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. आजोबा पलंगावर बसले होते. त्यांनी डबा उघडला. थैली कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. पट्टीवरची चार पदकं त्यांनी तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी जराशी वर-खाली केली आणि मांडीवर ठेवली. मग सुटं पदक उचललं.

त्यांनी अंगठ्याचं नख त्याच्या कडेवर टेकवलं आणि हळूहळू गोल फिरवलं. पूर्ण फेरी झाली. पुन्हा फिरवलं. मग मांडीवरच्या पट्टीतलं तसंच दुसरं धरलं आणि त्याच्या कडेवरूनही नख फिरवलं. इतकी वर्षं ते डोळ्यांनी वाचतच नव्हते. ते त्या नावावरून बोट फिरवत होते, हे मला त्या क्षणी समजलं.

दोन्ही पदकं दोन हातांत धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाय, यातला त्याचा कंचा?"

मी खाली जमिनीवर बसले आणि सांगितलं. शिवणयंत्र, खण, फोन, भंगारवाला, सहा वर्षं, लॉकर, सगळं. मध्येच आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हाताला पीठ होतं.

आजोबा ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "मशीनच्या खनात?"

"हो."

"लोकंड तलोज्याला गेला?"

"हो."

"मंग वितलली असतील," ते म्हणाले. त्यांनी पाचही पदकं डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे न देता उशीशी ठेवला. जेवायला ते आले नाहीत. आईने ताट नेऊन ठेवलं, ते तसंच परत आलं.

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. वडील रागावले, खूप बोलले, आणि ते बरोबरच होतं. आजोबा दोन दिवस फक्त लागेल तेवढं बोलले. चहा दे. पंखा बंद कर.

पंधरा ऑगस्टला सकाळी मी उठले तेव्हा ते आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते. मला वाटलं, सत्काराला निघालेत.

"मना उरनला ने," ते म्हणाले. "तिकरं त्याची भैन हाय."

"आजोबा, कार्यक्रम—"

"तिकरं माजा काय काम नाय."

सुटी होती तरी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली. काहींच्या केबिनला झेंडे लावलेले होते. आमची गाडी त्यांच्यामधून हळूहळू चालली होती. द्रोणागिरीच्या बाजूला आजोबा खिडकीतून बघत राहिले. मिठागरं जिथे होती तिथे आता गोदामं आहेत, पत्र्याच्या लांबच लांब भिंती. दोनदा त्यांनी गाडी थांबवायला लावली, दोनदा म्हणाले, "ह्या नाय." शेवटी एका पानटपरीवर मी नाव विचारलं आणि तिथल्या माणसाने घर दाखवलं.

मित्राची बहीण ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. भाऊ गेला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती, म्हणजे आता साठी उलटलेली. तिने आजोबांना ओळखलं नाही. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "दादा, तू?" मग लगेच, "बस. उबा कशाला?"

पाणी झालं. कोण कोण आहे, कोण कोण गेलं, ते विचारून झालं. मग आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून ते सुटं पदक काढलं.

"तुज्या आयनं मना त्याचा मेडल ठेवाला दिलता," ते म्हणाले. "त्यो हरवला. माज्या हातून हरवला. ह्यो त्याच्यासारका हाय, पन त्याचा नाय."

मी बोलायला तोंड उघडलं. आजोबांनी माझ्याकडे न पाहता हात किंचित वर केला आणि मी गप्प झाले.

बहीण त्या पदकाकडे बघत राहिली. "आय तर म्हनायची, तिनं त्यो खारीत टाकला," ती म्हणाली. "तुज्याजवल व्हता?"

"माज्याजवल व्हता."

"मंग तू कवा आलास का नाय, दादा? यवरी वरसा झाली. आय वाट बगायची. म्हनायची, त्याचा दोस्त येल, कायतरी सांगल."

आजोबांनी हात गुडघ्यांवर ठेवले. समोरून एक ट्रेलर गेला, तो पूर्ण जाईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी सांगितलं. आमच्यापैकी कोणालाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. करंज्याच्या आजोबांनाही ते माहीत नव्हतं.

मित्राच्या आईला त्यांनी सांगितलं होतं की तो लढताना पडला. ते खरं नव्हतं. लढाई संपली होती. पंधरा दिवस सगळे नुसत्या डाळ-रोटीवर होते. सकाळी दोघं पाणी आणायला निघाले होते आणि वाटेत एका सोडून दिलेल्या शेतात मुळे दिसले. हिरवागार पाला. मित्र म्हणाला, जेवणाला तोंडी लावायला दोन उपटून आणतो.

"मी नको म्हनाला पायजे व्हता," आजोबा म्हणाले. "मना म्हायती व्हता तिकरं पेरलेला हाय. त्याला पन म्हायती व्हता. पन पाला बगून मना पन भूक लागली. मी म्हनलो, माज्यासाटी पन आन."

मला आमच्या जेवणातली एक गोष्ट आठवली. आमच्या घरात मुळा आणत नाहीत. आजोबांना सोसत नाही, असं आजी म्हणायची.

बहिणीने पदर तोंडाला लावला होता. तो बाजूला करून ती म्हणाली, "आमच्या दादाला मुला लई आवरायचा. मिठागरावर जाताना घेऊन जायचा. तितलाच मीट लावून खायचा." मग तिने विचारलं, "लई तरास झाला का रं त्याला? किती येल जीव व्हता?"

"नाय," आजोबा म्हणाले. "लगेच गेला. कलला पन नाय त्याला."

मी आजोबांकडे पाहिलं नाही. ओटीच्या कडेला तांदळाचे दाणे सांडले होते, ते मी एकेक करून उचलत राहिले.

निघताना तिने पदक पुढे केलं. "ह्या मी ठेवू?"

"ठेव."

तिने ते पदराच्या टोकाला बांधलं. आजोबा गाडीपर्यंत चालत आले, त्यांना दोनदा थांबावं लागलं. ती दारात उभी होती, पण परत ये असं ती म्हणाली नाही, आणि येतो असं आजोबाही म्हणाले नाहीत. घर येईपर्यंत ते डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. घरी उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकवला, आणि मला वाटलं, आता काही तरी बोलतील. ते पायरी चढण्यापुरता आधार घेत होते.

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर ते पूर्वीसारखं बोलत असत, माझ्या हातचा चहा घेत असत, पण कुठलीही वस्तू त्यांनी पुन्हा माझ्याकडे सांभाळायला दिली नाही. चष्म्याची डबीसुद्धा स्वतःच शोधत. मी अलिबागचा अर्ज पुढे रेटत राहिले. पोलिसांची नोंद, फोटो, प्रती. निदान त्यांच्या नावाची चार तरी खरी यावीत, एवढंच मनात होतं.

थंडी पडल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात होते. शेवटच्या दोन दिवसांत ते कोणाला ओळखत नव्हते. एकदा पाणी मागितलं. नळी घातलेली होती, नर्स म्हणाली, तोंडाने काही देऊ नका. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना शोधून आणलं आणि त्यांच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, ओठ ओले करा. मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ ओले करत बसले. किती वेळ, ते आठवत नाही. त्याच दिवशी दुपारी ते गेले.

अंत्ययात्रेला वसाहतीतले माजी सैनिक आले. त्यांनी तिरंगा आणला होता. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं, मेडल आहेत का. मी डबा आणून दिला. त्याने पट्टी सरळ धरून आजोबांच्या छातीवर लावली, मागे होऊन पाहिलं, पुन्हा जराशी सरळ केली. मग सगळ्यांनी सलाम केला. ती पदकं खरी नाहीत, हे तिथे फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं. चितेवर ठेवण्यापूर्वी वडिलांनी ती काढून माझ्या हातात दिली.

महिन्याभराने रेकॉर्ड ऑफिसकडून पत्र आलं. अर्ज मिळाला आहे, अर्जदाराने सोबतच्या फॉर्मवर स्वतः सही करून तो परत पाठवावा. मी अलिबागला फोन करून आजोबा गेल्याचं सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, वारसाच्या नावाने नवा अर्ज करता येईल, मी सांगतो कसा तो. मी बघते म्हटलं. तो मी अजून केलेला नाही.

आता दीड-दोन महिन्यांतून एकदा मी उरणला त्या बहिणीकडे जाते. पहिल्यांदा आजोबा गेल्याचं सांगायला गेले होते. तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही तिथेच पहिल्यांदा रडले. घरी रडता आलं नव्हतं. ती मला जेवल्याशिवाय सोडत नाही. आणि भावाबद्दल बोलते. तो खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून निवट्या मासे कसा पकडायचा, जत्रेत तिला खांद्यावर बसवून कसा न्यायचा, भरतीला जायच्या आदल्या दिवशी घाबरून आईजवळ कसा झोपला होता. कितीतरी गोष्टी. मी ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसाबद्दल मला आता इतकं माहीत आहे.

मागच्या खेपेला तिने मला विचारलं, "आनि तुजा आजा? त्यो पोरपनी कसा व्हता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर एका घरात राहिले होते. मला तिला सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही.